बेल्ट लावलेला पुतळा

मागच्या महिन्यात एका मित्राच्या नव्याकोऱ्या गाडीतून नागपूरहून चंद्रपूरला गेलो. गाडी काय वर्णावी महाराजा! सहा एअरबॅग, समोर कॅमेरा, रडार, पुढे काही आडवं आलं तर आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा, लेन सोडली की हँडल थरथरणार, आणि डोक्यावर उघडणारी काच. बुटीबोरी मागे पडेपर्यंत मित्र एकेक वैशिष्ट्य सांगत होता. क्रॅश टेस्टमध्ये पाच तारे मिळालेत, हे तर तीनदा सांगून झालं. (एव्हरेज किती देते हे मी विचारलं, तेव्हा मात्र विषय बदलला.)

मी बेल्ट लावला आणि सहज त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बेल्टच्या खाचेत नुसती एक लोखंडी जीभ खोचलेली. बेल्ट आपला खांबालाच लटकलेला. "अबे, टिंगटिंग टिंगटिंग करते दिवसभर, डोकं खाते! शंभर रुपयांत काम झालं." मागे वहिनी बिनबेल्टच्या. आणि त्यांची पाच वर्षांची पोरगी सीटवर उभी राहून छतातून डोकं बाहेर काढलेली. गाडी ताशी ऐंशीच्या पुढे.

मला हसावं की रडावं कळेना. पंधरा-वीस लाखांची अक्कल गाडीत बसवून घ्यायची आणि शंभर रुपयांच्या पत्र्याने तिचं तोंड बंद करायचं!

आता त्या ताऱ्यांचं बघू. 2014 साली ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या भिंतीला ठोकून पाहिल्या, तेव्हा पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांसाठी शून्य तारे मिळाले. 2018 साली टाटा नेक्सॉनने पहिल्यांदा पाच तारे आणले. 2023 पासून तर आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. ही प्रगती खोटी नाही, माझा तिच्यावर राग नाही. पण ते तारे कुणाला मिळतात? आत बसवलेल्या पुतळ्यांना. समोरून ठोकायच्या चाचणीत ताशी 64 किलोमीटर वेगाने गाडी आदळते आणि आतला प्रत्येक पुतळा बेल्ट लावून बसलेला असतो. पोरांचे पुतळे लहान मुलांच्या खास सीटमध्ये जखडलेले असतात. छतातून डोकं बाहेर काढलेल्या पुतळ्याची चाचणी अजून कुणी घेतलेली नाही. म्हणजे माझ्या मित्राच्या गाडीला पाच तारे आहेत, माझ्या मित्राला एकही नाही.

"एअरबॅग आहेत ना सहा!" हे त्याचं उत्तर. हे उत्तर तुम्हीही कुणाकडून तरी ऐकलं असेलच. त्याच्या स्टिअरिंगवरच एसआरएस अशी तीन अक्षरं कोरलेली आहेत. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ 'पूरक'. कशाला पूरक? बेल्टला! एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. बेल्ट नसलेला माणूस तोवर पुढे फेकला गेलेला असतो, मग तीच पिशवी त्याच्या तोंडावर बसते. आणि आपोआप लागणारा ब्रेक? तो तर बिनबेल्टवाल्याचा वैरीच. जामच्या चौकात चंद्रपूरचा रस्ता हैदराबादच्या रस्त्यापासून फुटतो. तिथे ऐन वेळी इकडे की तिकडे असा घोळ घालणारे रोज असतात. समोरचा असा थबकला की गाडी हुशारीने करकचून थांबेल. सीटवर उभी असलेली पोरगी थांबेल का?

शाळेतलं गणित आहे. ताशी 80 च्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण 25 मीटरवरून खाली पडणं. आठव्या मजल्याच्या कठड्यावर आपण पोरगी उभी करू का?

"माझा जीव, माझी मर्जी" हेही ऐकवलं जातं. ते मागच्या सीटवर तर अजिबात लागू नाही. मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ चारोटीच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी, एअरबॅग भरपूर. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर आठ-दहा दिवस सगळ्यांनी मागचे बेल्ट शोधले. मग पुन्हा आपलं पहिल्यासारखं.

सरकारचंही बघा. सहा एअरबॅग सक्तीच्या करायच्या की नाही यावर 2022 आणि 2023 ही दोन वर्षं काथ्याकूट झाला, शेवटी सक्ती बारगळली. त्या क्लिपांवर मात्र मे 2023 मध्ये ग्राहक प्राधिकरणाने बडगा उचलला आणि ऑनलाइन दुकानांतून तेरा हजारांवर जाहिराती काढायला लावल्या. माझ्या मित्राने कोपऱ्यावरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानातून आणली, तिथे कोण जातं बघायला? बिनबेल्टचा दंड हजार रुपये. मागे बसलेल्याला तो होताना मी तरी पाहिलेला नाही.

आणि चालवण्यातली मजा म्हणाल, तर ती बेल्टनेच येते हो! वळणावर अंग सीटला धरून राहतं, हात स्टिअरिंगला लोंबकळत नाहीत. 1959 मध्ये व्हॉल्वोच्या निल्स बोलिनने हा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा काढला आणि कंपनीने तो सगळ्यांना खुला करून टाकला. इतकी स्वस्त आणि इतकी कामाची दुसरी कुठली वस्तू गाडीत आहे ते मला दाखवा.

असो. जामला चहाला थांबलो. मी म्हटलं, "वहिनी, मागचा बेल्ट लावा ना." त्यांनी शोधला. सापडेना. नव्या रेक्झिनच्या सीट कव्हरखाली तिन्ही खाचा गाडल्या गेल्या होत्या! (हीच कव्हरं सीटमधल्या बाजूच्या एअरबॅगलाही आडवी येतात, पण ते पुन्हा कधीतरी.) शेवटी चहावाल्याकडून सुरी मागून आणली, कव्हरला चिरा दिल्या आणि खाचा वर काढल्या. कव्हर बारा हजारांचं होतं म्हणे. मित्र वरोऱ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही. पोरगी मात्र आईजवळ बेल्ट लावून झोपली.

क्लिप त्याने काढली, पण फेकली नाही. समोरच्या कप्प्यात ठेवली.