आत्यालाही विचारा

लग्न ठरवताना गोत्र, नाडी, मंगळ सगळं बघणाऱ्या घरात ‘आजोबा कशानं गेले?’ विचारलं, तर उत्तर येतं, ‘छातीत कळ आली अन् गेले.’ तेव्हा वय किती? कुणालाच आठवत नाही. डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं. वडील-भावाला 55च्या आत किंवा आई-बहिणीला 65च्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपलाही धोका वाढतो. कोलेस्टेरॉल, रक्तदाब लवकर तपासायला हवा. स्तनाच्या कर्करोगाबाबत मात्र आपण फक्त आई-मावशीकडे बघतो. या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्यालाही विचारा; आणि तो मुलग्यांनाही मिळतो. या दिवाळीत नातेवाईक जमतील तेव्हा कुणाला, काय, कितव्या वर्षी झालं, हे लिहून घ्या आणि तो कागद फॅमिली डॉक्टरांना दाखवा.