पुढारीपणाचें शिक्षण

पुढारी जन्मास यावा लागतो, असें पुष्कळांचें मत आहे. आम्हांस तें पटत नाहीं. पाण्यांत उतरल्यावांचून पोहणें येत नाहीं, त्याप्रमाणेंच जबाबदारी अंगावर घेतल्यावांचून पुढारीपण येत नाहीं. ज्यू विद्यार्थ्यांचें उदाहरण ह्या बाबतींत मननीय आहे. कोंकणांतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल लोकांमुळें तो समाज आपणांस अपरिचित नाहीं. परंतु हें उदाहरण अमेरिकेंतील आहे.

तेथें नेब्रास्का राज्यांतील ओमाहा शहरीं १९२३ सालीं कांहीं ज्यू मुलांनीं एक मंडळ काढलें. ग्रीक अक्षरांचीं नांवें धारण करणाऱ्या विद्यार्थिमंडळांचीं दारें त्या काळीं ज्यू मुलांस बहुधा बंद असत. ह्या मुलांनीं रडगाणें न गातां आपल्या मंडळास हिब्रू अक्षरांचें नांव दिलें, 'आलेफ झादिक आलेफ'. १९२४ सालीं सॅम बेबर नामक तरुण वकिलाच्या पुढाकारानें त्यास व्यापक रूप आलें. १९२५ सालीं 'ब्नाइ ब्रिथ' ह्या जुन्या ज्यू संस्थेनें त्यास आश्रय दिला. आणि १९४४ सालीं मुलींचेंही देशव्यापी मंडळ उभें राहिलें.

ह्या संस्थेचें मर्म तिच्या कारभारांत आहे. शाखेचे अधिकारी मुलेंच आपणांतून निवडतात. अध्यक्षास 'आलेफ गोडोल', चिटणिसास 'मझकीर', खजिनदारास 'गिझबोर' म्हणतात. हिशेब, सभेचें टिपण, समाजसेवा हीं कामें मुलांच्याच हातीं असतात. वडील सल्लागार जवळ असतो, पण तो हुकूम सोडीत नाहीं. मुदत संपली कीं अधिकारी खुर्ची सोडून पुन्हां इतरांत बसतो. तेरा वर्षांचा मुलगा धर्माज्ञांविषयीं स्वतः जबाबदार, असें मानणाऱ्या समाजास ही रीत साजेशीच आहे.

आमच्या शाळांतून मॉनिटर असतो. परंतु त्यास गुरुजी नेमतात, आणि गडबड करणाऱ्यांचीं नांवें फळ्यावर लिहिलीं कीं त्याचें काम संपतें. त्यानें तो धाक दाखवूं शिकतो, पुढारीपण नव्हे. पालक म्हणतील, मुलांच्या हातीं पैसा दिला तर हिशेब चुकेल. चुकेलच! पण खेळाच्या वर्गणींतील चार रुपयांची चूक सर्वांदेखत कबूल करून जो ती भरून काढील, त्याच्या हातीं उद्यां गांवची पतपेढी निर्धास्तपणें देतां येईल. ज्यानें कधींच हिशेब दिला नाहीं, त्याच्या हातीं ती देणें हाच खरा धोका.

म्हणून प्रत्येक शाळेनें निदान एक मंडळ पूर्णपणें विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावें व वर्षाअखेर त्यांजकडून जाहीर हिशेब घ्यावा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हींही पद मागण्यापूर्वीं हिशेबाची वही मागा.