मुहूर्त, भिंग आणि प्रकाश

विवाहविधि छायाचित्रासाठीं नसतात. छायाचित्र विधींसाठीं असतें. ही साधी गोष्ट हल्लीं मंगल कार्यालयांतून वरचेवर विसरली जाते. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात, आणि तेवढ्यांत कोणी तरी ओरडतो, "पुन्हां एकदां घाला हो हार!" दुसऱ्या वेळचा हार फोटोंत नेटका दिसतो खरा, पण मुलीच्या मुखावरील पहिल्या क्षणाचा भाव कांहीं परत येत नाहीं. म्हणून घरांतील एखादा हौशी पुतण्या कॅमेरा घेऊन उभा राहणार असेल, तर विधि न थांबवितां चित्र कसें मिळेल, याच दृष्टीनें त्यानें साधनें निवडावीं.

प्रथम भिंग. दूरचें जवळ आणणाऱ्या झूम भिंगाचा मोह पुष्कळांस पडतो. परंतु कार्यालयांत खरी वाण असते ती उजेडाची. भिंगाचें तोंड किती उघडतें, हें 'एफ'च्या आंकड्यावरून कळतें. आंकडा जितका लहान, तितकें तोंड मोठें. एफ १.८ चें भिंग एफ ३.५ च्या भिंगाहून जवळजवळ चौपट प्रकाश आंत घेतें. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यास ३५ मिलिमीटरचें भिंग बोहलें व भोंवतालची मंडळी यांसाठीं पुरतें. ८५ मिलिमीटरचें असलें कीं कन्यादानाच्या वेळीं भरून आलेले वडिलांचे डोळे, गुरुजींच्या अंगावर न जातां, दुरून टिपतां येतात. २४ मिलिमीटरच्या भिंगानें सारा मांडव मावतो. मात्र कडेच्या आत्याबाई आहेत त्याहून रुंद दिसतात, आणि त्याचा राग भिंगावर न निघतां आपल्यावर निघतो!

तोंड मोठें उघडलें म्हणजे एक चेहरा स्पष्ट व दुसरा पुसट होण्याचें भय असतें. त्यास उपाय जागेचा. अंतरपाटाच्या कडेच्या रेषेंत उभें राहिल्यास वधू व वर आपणांपासून सारख्याच अंतरावर येतात. मात्र तो कोणत्या बाजूस ओढणार, हें गुरुजींस आधींच विचारून ठेवावें.

आतां प्रकाश. फ्लॅश समोरून मारूं नये. चेहरे चपटे दिसतात आणि वृद्धांच्या डोळ्यांस त्रास होतो. छत पांढरें व बेताच्या उंचीचें असल्यास फ्लॅशचें तोंड तिकडे वळवावें; परतून येणारा प्रकाश मऊ असतो. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यामुळें कांहीं एलईडी दिवे सेकंदास १०० वेळां लुकलुकतात. डोळ्यांस तें जाणवत नाहीं, पण शटर फार जलद ठेवल्यास चित्रांत काळसर पट्टे उमटतात. अशा दिव्यांखालीं शटर १/१०० सेकंदावर ठेवावें. अक्षतांच्या किंचित् रेघा उमटतील, त्या शोभतातच. बोहल्याजवळ एकाच रंगाचे दिवे लावावयास सांगावें, आणि अंतरपाटाच्या पांढऱ्या भागावरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स साधून घ्यावा. म्हणजे हळदीचा रंग हळदीचाच राहतो. होमाच्या वेळीं समोरचा फ्लॅश धुरावरच उजळतो व चेहरे झांकले जातात. तेथें तो बंद करून अग्नीचा तांबूस उजेडच पडूं द्यावा.

ही तयारी आदल्या दिवशीं कार्यालयांत जाऊन, मुहूर्ताच्याच वेळीं, एकदां करून पाहावी. मग मुहूर्तावर कोणासही थांबविण्याची पाळी येत नाहीं; आणि पुढें आल्बम उघडला जाईल तेव्हां त्यांत घडवून आणलेला समारंभ न दिसतां घडलेलें लग्न दिसेल.