दार ठोठवावे कोणाचे?

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि २२७ प्रभागांचे नगरसेवक एका दिवसात माजी झाले. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. रस्त्यांची कामे झाली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तुंबलेल्या गटाराची तक्रार गोवंडीच्या गृहिणीने न्यावयाची कोणाकडे? मलबार हिलला दूरध्वनी पुरतो. १९२७ पासून कचरा साठत आलेल्या देवनारलगतच्या वस्तीस मात्र पहाटे ज्याचे दार ठोठावता येईल, असा माणूस लागतो. नगरसेवक पुष्कळदा निष्क्रिय, क्वचित लोभीही असतो, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि मते मागण्यास त्याला त्याच गल्लीत यावे लागते. प्रशासकास ते बंधन नाही. निवडून येणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाने पहिली फेरी भूमिपूजनाची नव्हे, वस्तीतील सार्वजनिक शौचालयांची करावी, अशी आमची मागणी आहे.