दुसऱ्या पडद्यावर काय दाखवावें?

आमच्या भूगोलाच्या खोलींत शनिवारीं शाळा सुटल्यानंतर जो खेळ चालतो, तो ह्या वार्षिकाच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे. कांहींनीं तर फांशांचा आवाज ऐकून दारांतून आंत डोकावूनहि पाहिलें आहे. ज्यांस तो ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या नांवाचा हा खेळ अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत, लेक जिनीव्हा ह्या गांवीं, १९७४ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका पेटींत तीन लहान पुस्तिका, आणि पहिल्या खेपेस अवघ्या एक हजार प्रती, एवढेंच त्याचें भांडवल होतें. ह्या खेळास पट लागतोच असें नाहीं, सोंगट्याहि लागतातच असें नाहीं. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे पांच-सहा जण एकेक पात्र आपलें म्हणून घेतात. "तुम्ही एका भुयाराच्या तोंडाशीं उभे आहांत," असें सूत्रधार सांगतो. आपण काय करणार तें खेळाडू सांगतात. आणि जेथें निकाल संशयाचा असेल तेथें वीस बाजूंचा फांसा टाकून तो लावितात.

भुयाराचा खरा नकाशा एकट्या सूत्रधारापाशीं असतो, आणि त्याच्यापुढें पुठ्ठ्याचा एक पडदा उभा केलेला असतो. हा पहिला पडदा. मला आज दुसऱ्या पडद्याविषयीं लिहावयाचें आहे. म्हणजे लॅपटॉपला केबल जोडून त्यावरील नकाशा टीव्हीवर सर्व खेळाडूंस दाखविण्याची जी रीत आमच्या येथें यंदा सुरू झाली तिच्याविषयीं. ह्या रीतीवरून मुलांत दोन तट पडले आहेत, आणि परवानगी देणारा मीच असल्यामुळें दोन्ही तटांचा रोष माझ्यावर आहे.

खेळांत नकाशा कोणास किती दाखवावा हा प्रश्न मात्र ह्या खेळाहूनहि पुष्कळ जुना आहे. प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें १८२४ सालीं 'क्रीगश्पील', म्हणजे युद्धाचा खेळ, नियमांसह छापून काढला. त्यांत १:८००० प्रमाणाचा नकाशा टेबलावर पसरीत, आणि दोन्ही बाजूंचे सेनानी आपापल्या आज्ञा पंचास देत. जी तुकडी शत्रूच्या दृष्टीस पडण्याजोगी नसेल ती नकाशावर मांडीतच नसत. ती कोठें आहे हें पंचानें आपल्या मनांत ठेवावयाचें. आमच्या मुलांचा सूत्रधार हा त्या पंचाचाच वंशज होय. पुढें 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची १९८१ सालची जी आवृत्ति निघाली तींत खेळाडूंपैकींच एकानें सूत्रधाराच्या वर्णनावरून भुयाराचा नकाशा काढीत जावा असें स्पष्ट सांगितलें आहे. दाखविणें मुळांतच निषिद्ध आहे असेंहि नाहीं. १९७८ सालीं निघालेल्या 'टूम ऑफ हॉरर्स' ह्या साहसाबरोबर खेळाडूंस दाखविण्यासाठीं म्हणून चित्रांची एक निराळी पुस्तिका दिलेली होती. दूरदूरच्या खेळाडूंनीं इंटरनेटवर एकत्र खेळावें म्हणून 'रोल२०' हें साधन २०१२ सालीं निघालें; अशा साधनांत नकाशावर काळोख पसरून ठेवितां येतो, आणि पात्रांच्या मशालीचा उजेड पोंचेल तेवढाच भाग उघडा करितां येतो. आमचे सूत्रधार महाशय, इयत्ता नववींतील एक अत्यंत मेहनती विद्यार्थी, हें सर्व शिकून माझ्याकडे आले व टीव्ही मागूं लागले. मी आनंदानें रुकार दिला. भूगोलाच्या शिक्षकास नकाशा मोठा दिसावा असें कां बरें वाटूं नये?

पहिल्या दिवशींच फजिती झाली. लॅपटॉपला दुसरा पडदा जोडला म्हणजे त्याचे दोन प्रकार होऊं शकतात: 'डुप्लिकेट' केलें तर लॅपटॉपवर जें असेल तेंच जसेंच्या तसें टीव्हीवर उमटतें, 'एक्स्टेंड' केलें तर टीव्ही हें स्वतंत्र पान होतें व त्यावर आपण नेऊन ठेवूं तेवढेंच दिसतें. मुलाने घाईंत पहिला प्रकार निवडला, आणि विहिरीच्या पोटांतील गुप्त खोली, तींतील तीन राक्षस व पेटारा ह्यांसह, एका क्षणांत सर्वांच्या डोळ्यांपुढें झळकली. मुलें खो खो हंसलीं. त्याचे मात्र डोळे भरून आले. आठवडाभर रात्रीं जागून त्यानें ती खोली रचिली होती. ज्यांस हा उद्योग करावयाचा असेल त्यांनीं खेळाडू येण्यापूर्वीं केबल लावून पाहावी आणि टीव्हीवर प्रथम एक कोरें चित्र ठेवावें, हें अनुभवानें सांगतों. आणखी एक हिशेब मुलांनींच केला. चाळीस इंची टीव्ही टेबलावर आडवा ठेविला, तर त्याचा पडदा सुमारें ३५ इंच रुंद व साडेएकोणीस इंच उंच भरतो. एक इंचाचा चौकोन म्हणजे पांच फूट धरिले, तर १७० फूट लांब व ९५ फूट रुंद एवढें रणांगण त्यावर मावतें. गणिताचे शिक्षक ह्या हिशेबावर बेहद्द खूष झाले.

परंतु फजितीमुळें जें बिघडलें तें एका आठवड्यांत सुधारलें. सर्व यथास्थित चालूं लागल्यावर जें बिघडलें तें माझ्या ध्यानांत यावयास तीन शनिवार लागले.

पूर्वीं मुलें विचारीत, "दाराच्या बिजागऱ्या कोणत्या बाजूस आहेत? मशालीचा धूर कोणीकडे वळतो? पाण्याचा आवाज जवळचा कीं लांबचा?" आतां तीं टीव्हीकडे पाहूं लागलीं. पडद्यावर दार दिसे, म्हणून दाराविषयीं कोणी विचारीना. आणि जें पडद्यावर काढलेलें नाहीं तें जगांतच नाहीं असें धरून चालूं लागलीं. सूत्रधार धुराचें वर्णन करी तेव्हां त्याच्या तोंडाकडे कोणी पाहत नसे. आपलें प्यादें बोटानें दाखवावें, "येथें जातों" म्हणावें, आणि संपलें.

ह्या मंडळींत एक अबोल मुलगा आहे. वर्गांत तो आपण होऊन कधीं उत्तर देत नाहीं. परंतु ह्या खेळांत नकाशा काढण्याचें काम पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे होतें. आलेखाच्या कागदावर तो पेन्सिलीनें एकेक चौकोन भरी, आणि वाट चुकली म्हणजे सगळीं मुलें त्याच्या खांद्यावरून वांकून, "आपण कोठें आहोंत रे?" म्हणून त्याला विचारीत. टीव्ही आल्यावर त्याला कोणी कांहीं विचारीना. पहिल्या शनिवारीं त्यानें संवयीनें कागद काढला, दुसऱ्या शनिवारीं पेन्सिल खिशांतच राहिली, तिसऱ्या शनिवारीं तो आला नाहीं. त्याला कोणी जा म्हटलें नव्हतें. परवानगी देतांना ही गोष्ट माझ्या मनांत यावयास हवी होती. ती आली नाहीं, हें मी कबूल करितों.

तर मग टीव्ही काढून टाकावा, असें माझ्या कित्येक सहकाऱ्यांचें मत पडलें. मीहि जवळजवळ तसें ठरविलें होतें. इतक्यांत त्या मंडळींतील एक मुलगी मला भेटावयास आली. तिला ऐकूं कमी येतें. ती म्हणाली, "सर, पडदा काढूं नका. आधीं लढाई सुरू झाली कीं मला शेजारणीला विचारावें लागायचें, आणि ती सांगेपर्यंत माझी पाळी निघून जायची. आतां मला माझें मला कळतें." ह्यावर मी काय उत्तर देणार? ज्या पडद्यानें एकाचें काम काढून घेतलें त्यानेंच दुसरीला खेळांत जागा दिली होती. केवळ जुनी रीत चांगली असें म्हणणाऱ्यांनीं जुन्या रीतींत कोण गप्प बसलें होतें तेंहि पाहावें.

माझें मत आतां असें झालें आहे कीं, दुसरा पडदा असावा, परंतु त्यावर सूत्रधाराचा नकाशा नसावा. खेळाडूंचा स्वतःचा नकाशा असावा. आलेखाच्या कागदावर वरून मोबाईलचा कॅमेरा धरून ठेवावा, आणि नकाशा काढणाऱ्याचा हात जें जें काढील तें टीव्हीवर सर्वांस दिसावें. सूत्रधारानें तोंडानें वर्णन करावें, आणि अंतर व दिशा तेवढी पडद्याच्या तळाशीं एका ओळींत टंकित करावी: 'उत्तरेस ३० फूट, मग डावीकडे वळण.' लढाई जुंपली म्हणजे मात्र सूत्रधारानें आपलें चौकोनी रणांगण खुशाल दाखवावें, कारण कोण कोणापासून किती फुटांवर आहे ह्याविषयीं तेथें वाद नको. लढाई संपली कीं पुन्हां कागद.

ह्यावर सूत्रधाराचा आक्षेप असा, कीं कागदावरचा नकाशा चुकतो. चुकतो खरा. परंतु चुकलेला नकाशा पडद्यावर दिसत असला म्हणजे मुलें पुन्हां विचारूं लागतात, पावलें मोजूं लागतात, आपसांत भांडतात. आणि तो नकाशा त्यांच्या ज्ञानाचा असतो, भुयार रचणाऱ्याच्या ज्ञानाचा नव्हे. सतराव्या शतकांतील कित्येक युरोपीय नकाशांत कॅलिफोर्निया हें बेट म्हणून दाखविलें आहे. मी ते नकाशे वर्गांत मुद्दाम दाखवितों. त्यांवरून त्या काळच्या लोकांनीं काय पाहिलें होतें व काय नुसतें ऐकलें होतें तें जितकें कळतें तितकें आजच्या निर्दोष नकाशावरून कळणार नाहीं.

त्याचा दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे, आणि त्याचें पुरतें उत्तर मजपाशीं नाहीं. तो म्हणतो, "सर, मी इतके रंगीत नकाशे करतों, ते कोणी पाहणारच नाहीं का?" मुलाचें म्हणणें न्याय्य आहे. म्हणून असें ठरलें कीं, एक भुयार पुरतें पालथें घालून मंडळी बाहेर पडली, म्हणजे सूत्रधाराचा खरा नकाशा व मुलांचा कागद हे शेजारीं शेजारीं पडद्यावर लावावे.

नकाशा काढणारा मुलगा परत आला आहे. त्या मुलीनें त्याच्या शेजारची खुर्ची पटकाविली आहे. तळाची ओळ ती मोठ्यानें वाचते, व त्यानें एखादा चौकोन गाळला तर कोपरानें ढोसते. गेल्या शनिवारीं विहिरीचें साहस संपलें. सर्वांनीं खुर्च्या पुढें ओढल्या, चार चुरगळलेले कागद डिंकानें जोडून कॅमेऱ्याखालीं ठेविले, आणि सूत्रधारास त्याचा नकाशा उघडावयास सांगितलें. त्यानें लॅपटॉपवर हात ठेविला, कागदाकडे एकवार नीट पाहिलें, आणि हात मागें घेतला.

"आज नको, सर," तो म्हणाला. "पूर्वेकडची एक खोली ह्यांना अजून सांपडलेलीच नाहीं."