अणशीतला ‘ण’ कोण सांभाळणार?

प्लगिन लिहिणं हे कम्प्युटरवाल्यांचं काम, असं आपल्याकडे ठरूनच गेलंय. मला ते पटत नाही, निदान नकाशाच्या बाबतीत तरी.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, कुणीही भर घालू शकेल असा जगाचा नकाशा. त्याच्या माहितीवर प्रक्रिया करणारं ऑस्मोसिस नावाचं जावातलं साधन आहे. एका टोकाला फाइल वाचायची, मधे गाळायचं-बदलायचं, दुसऱ्या टोकाला लिहायचं. गाव, रस्ता, ओढा, एकेक नोंद पुढे सरकते. मधला टप्पा आपल्याला हवा तसा नसला तर तो जावात लिहून जोडायचा, तोच प्लगिन. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे, नोंद फक्त वाचण्यापुरती असली तर तिच्यावर खाडाखोड चालत नाही. बदलता येईल अशी प्रत मागून घ्यावी लागते. लायब्ररीच्या पुस्तकात पेन चालवू नये, झेरॉक्स काढावी, तसंच.

आता जोयड्याकडे या. इथे घरात कोकणी नाहीतर मराठी, आणि सरकारी पाटी कन्नडमध्ये. नकाशात एकाच गावाला तिन्ही भाषांतली नावं देता येतात, प्रत्येकीचा टॅग वेगळा. मराठीची जागा रिकामी दिसली की कुणालाही सुचेल: प्लगिन लिहू, कन्नड किंवा इंग्रजी नावाची अक्षरं बदलून मराठी भरू, एका रात्रीत तालुका पूर्ण!

माझा विरोध नेमका इथे आहे. कन्नडवरून अक्षराला अक्षर लावलं तर जोयड्याचा ‘जोयिडा’ होतो. अणशीचं इंग्रजी स्पेलिंग घेतलं तर ‘अन्शी’. ण गेला! रोमी कोकणीत ‘ण’साठी दोन एन लिहितात, इंग्रजी पाटीला ती शिस्त नाही. (फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीतच छापलं गेलं. म्हणजे लिपी बदलताना उच्चार कसा वाचवायचा, हा प्रश्न आपल्याकडे चारशे वर्षं जुना आहे.)

आणि सुपा? काळी नदीवरच्या धरणात जुनं सुपा बुडालं, तालुक्याचं ठिकाण जोयड्याला आलं, विस्थापितांसाठी रामनगर वसलं. धरणाला मात्र नाव सुपाच राहिलं. हे कुठल्या अक्षरतक्त्यातून प्लगिनला कळणार? जुन्या नावासाठी नकाशात वेगळा टॅग आहे, पण तो भरायला माणूसच लागतो.

कुणी म्हणेल, रिकाम्यापेक्षा थोडं चुकलेलं बरं. मुळीच नाही. रिकामी जागा शोधता येते. चुकीची भरलेली जागा भरलेलीच दिसते, मग तिथे कुणी विचारायला जात नाही.

म्हणून प्लगिन लिहावा, पण भरणारा नको, शोधणारा हवा. मराठी-कोकणी नाव नसलेल्या वस्त्या आणि ओढे गाळून त्यांची यादी देणारा. पुढचं काम साहित्य मंडळाचं: सुट्टीत घरी जाताना यादी सोबत न्यायची, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, ऐकलं तसं लिहायचं. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही टिपायची.

जावा येत नसेल तर बीसीएवाल्यांना कॅन्टीनमध्ये चहा पाजा, ते लिहून देतील. विचारायला मात्र आपण जाऊ.