रंगामागचा रंग

खेळातील मोटारीला रंग देणे हा विषय या सदराच्या प्रौढ वाचकांस पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या घरी नववी-दहावीतला मुलगा आहे, त्या घरी तो आज ना उद्या शिरणारच.

दुरून चालविल्या जाणाऱ्या या मोटारींचे वरचे कवच बहुधा पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचे असते. १९५३ साली जर्मनीत आणि अमेरिकेत दोघा रसायनशास्त्रज्ञांनी ते स्वतंत्रपणे सिद्ध केले. धडक बसली तरी ते सहसा फुटत नाही, पण बाहेरून दिलेला रंग खरवडून जातो. म्हणून रंग आतून द्यावयाचा, आणि येथेच सारा क्रम उलटतो. जी रेघ सर्वांत वर दिसावयाची ती सर्वांत आधी काढावी लागते. अक्षरेही उलटी लिहावी लागतात. मागचा थर बसला की पुढची चूक खोडणे कठीण.

खरी मौज लिमलेटच्या गोळीसारख्या पारदर्शी रंगांची. त्यातला लाल एकटा निस्तेजच. त्याच्या मागे रुपेरी थर दिला की उजेड रंगातून आत शिरतो, रुपेऱ्यावर आपटतो आणि त्याच रंगातून परत बाहेर येतो. सोनेरी दिला तर तोच लाल शेंदरीकडे झुकतो, पांढरा दिला तर सरबतासारखा दिसतो, काळा दिला तर मरतो. थर जितका जाड तितका रंग गडद; म्हणून हात सर्वत्र सारखाच फिरला पाहिजे.

हे आपल्याला नवे नाही. जडावकामात खड्याखाली पातळ चकचकीत पत्रा ठेवतात, त्याला आपल्याकडे ‘डाक’ म्हणतात. लाड बाजारातील लाखेच्या बांगड्यांवरचे काचेचे खडेही पाठीवरच्या मुलाम्यानेच चमकतात. तंजावरला तर मराठे राजांच्या आश्रयाने वाढलेल्या चित्रकलेत काचेच्या मागून रंगविलेली देवदेवतांची चित्रे आहेत. दागिन्यांच्या जागी काच मोकळी ठेवून मागे वर्ख लावण्याची रीत तेथेही दिसते.

आमच्या शाळेतील एका मुलाचे वडील मोटारींना रंग देण्याचे काम करतात. गॅरेजातला उरलेला रंग त्याने कवचाला दिला. कवच वाकताच त्याचे पोपडे निघाले. या प्लास्टिकला त्याच्यासोबत वाकणारा निराळा रंग लागतो, हे त्याने स्वतःच हुडकले. गणितात तो यथातथाच, पण आरशातील प्रतिमेचा प्रश्न वर्गात सर्वांआधी सोडवितो. “साहेब, माझे हात रंगले ते पुरे, याने इंटर करावे,” असे वडील म्हणतात. त्यांचे दुखणे मला कळते. थिनरच्या वासात त्यांची वीस वर्षे गेली आहेत. तरीही आयटीआयची माहिती मी त्यांच्या हाती दिली. मुलाच्या बोटांत विचार असेल तर त्याला कागदावरच बसवून ठेवण्याचा हट्ट मला पटत नाही. निर्णय अद्याप झालेला नाही.

एवढे मात्र मुलाकडून कबूल करून घेतले आहे: फवारा बंद खोलीत मारावयाचा नाही, गच्चीवर, आणि तोंडावर साधे फडके न बांधता रंगाच्या वाफा अडविणारा मुखवटा लावून. पावसाळी दमट दिवशी तर मुळीच नाही. हवेतील ओल रंगात उतरते आणि पारदर्शी लाल धुरकट होतो.